परत न दिलेला अर्ज

वाहन योजना कक्ष,
३ फेब्रुवारी

प्रिय सहकारी,

हार्दिक अभिनंदन! कर्मचारी वाहन योजनेतून आपण निवडलेली गाडी तयार झाली असून ती कंपनीच्या आवारात दाखल झाली आहे. पंधरा दिवसांच्या आत ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना आणि दोन फोटो घेऊन कक्षात यावे आणि गाडीचा ताबा घ्यावा. आपल्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. गाडी जपून चालवा.

आपला,
योजना लिपिक

(हे पत्र संगणकावर तयार झाल्याने सहीची आवश्यकता नाही.)


८ फेब्रुवारी

साहेब,

तुमचं पत्र मिळालं. ज्यांच्या नावाने आलंय ते माझे यजमान. तुमच्या कंपनीत एकोणीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, त्यातली शेवटची चार सुपरवायझर म्हणून. नव्या लोकांना तेच शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अठरा डिसेंबरला सकाळी कामावर जाताना त्यांच्या जुन्या गाडीला अपघात झाला आणि ते जागच्या जागी गेले. कंपनीतून सहा माणसं घरी येऊन गेली होती. म्हणजे कंपनीला माहीत आहे. तुमच्या कक्षापर्यंत कुणी पोचवलं नसेल.

तुमचं पत्र माझ्या मुलीने उघडलं. ती चौदा वर्षांची आहे. 'अभिनंदन' वाचून तिला वाटलं, बाबांना काहीतरी बक्षीस मिळालं.

मी फोन केला होता. आधी गाणं वाजतं, मग एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तीनदा महत्त्वाची ठरल्यावर मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

गाडी आम्हाला नको आहे. घरात चालवणारं कुणी नाही. पण एक विचारते. त्यांनी कोणती गाडी निवडली होती? मला माहीत नाही. मला ते शेवटपर्यंत 'बघतो, ठरवतो' एवढंच म्हणत होते.

मास्तरांची पत्नी


वाहन योजना कक्ष,
१५ फेब्रुवारी

माननीय महोदया,

आपले पत्र मिळाले. आपल्या पतींच्या निधनाची माहिती या कक्षाच्या संगणकात नोंदवली गेली नसल्याने सदर पत्र रवाना झाले. झालेल्या मनस्तापाबद्दल कक्ष दिलगीर आहे.

आपण विचारलेला तपशील पुढीलप्रमाणे : तिसऱ्या श्रेणीच्या यादीतील लहान गाडी, पाच दरवाजे, रंग राखाडी, साधे गिअर. अर्जाची तारीख ११ ऑक्टोबर. अर्ज कर्मचाऱ्याने स्वतः भरून सही केलेला आहे. याव्यतिरिक्त कोणतीही नोंद नाही.

सोबत 'नाहरकत व रद्दीकरण' हा नमुना जोडला आहे. खुणेच्या तीन जागी सह्या करून परत पाठवावा, म्हणजे प्रकरण बंद करता येईल.

आपला विश्वासू,
योजना लिपिक


२० फेब्रुवारी

साहेब,

तुमच्या कागदावर सह्या करायला बसले आणि ११ ऑक्टोबर या तारखेवर अडकले.

ऑक्टोबरमध्येच अर्ज दिला होता, तर डिसेंबरमध्ये ते मला 'बघतो' का म्हणत होते? दोन महिने खोटं बोलायचं काय कारण? माझी तर साधी मागणी होती. मागची सीट जरा प्रशस्त बघा असं मी म्हणाले होते, सासूबाईंचे गुडघे दुखतात. ते नाही म्हणाले असते तर मी काय भांडले असते?

खरं म्हणजे भांडले असते. भांडलेच. तेच तुम्हाला सांगायचंय. घरात ऐकायला कुणी नाही आणि तुम्ही परके आहात म्हणून सांगता येतंय.

अठरा तारखेला सकाळी मी पुन्हा गाडीचा विषय काढला. ते बूट घालत होते. अलीकडे त्यांना बूट घालायला फार वेळ लागायचा. सहा महिन्यांपासून चालता चालता अडखळायचे, जिन्यात कठडा धरायचे, एकदा सपाट जमिनीवर पडले. मी विचारलं की म्हणायचे, 'दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतो, पाय भरून येतात.' मला वाटलं, चोरून प्यायला लागलेत. धुवायला टाकलेल्या शर्टांचा मी वास घेऊन बघायची. वास कधी आला नाही, पण संशय काही गेला नाही. त्या दिवशी ते पुन्हा 'बघतो' म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याने काही म्हणजे काही होत नाही. ना धड चालता येत, ना धड एक गाडी निवडता येत."

ते बूट घालून उठले. चहा तसाच ठेवून निघून गेले.

वीस मिनिटांनी, मोठ्या चौकात, त्यांची गाडी लाल दिव्याला सगळ्यांत पुढे उभी होती. सगळ्या गाड्या थांबलेल्या. आडव्या रस्त्याने ट्रक चालला होता. आणि यांची एकट्याची गाडी एकदम पुढे झेपावली, ती थेट ट्रकखाली. पोलिसांनी पाहणाऱ्यांना विचारून लिहून घेतलंय, 'चालकाने स्वतःहून गाडी पुढे घेतली.'

स्वतःहून. या शब्दाचा अर्थ आमच्या इमारतीत सगळ्यांनी एकच लावला. सासूबाई पलीकडच्या खोलीत असतात. त्यांनी सकाळचं माझं बोलणं ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत, स्वतः उठून घेतात. भेटायला आलेल्यांना सांगतात, "हिच्या जिभेने नेला माझा मुलगा." मी स्वयंपाकघरातून ऐकते.

हे सगळं सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात मुलीने मला विचारलं, "आई, बाबा मुद्दाम गेले का?"

तुम्ही त्यांना भेटला असाल. अर्ज द्यायला आले तेव्हा ते कसे होते? उदास होते का? काही बोलले का? तुमच्याकडे दुसरी काही नोंद नाही असं तुम्ही लिहिलंय. न विचारता का लिहिलंत, ते कळलं नाही. पण माणसाला काही आठवत असेलच ना?

सह्या केलेला कागद सोबत आहे.

मास्तरांची पत्नी


वाहन योजना कक्ष,
२७ फेब्रुवारी

माननीय महोदया,

सह्या केलेला नमुना मिळाला. आभारी आहोत. आपण उपस्थित केलेल्या अन्य मुद्द्यांबाबत उत्तर देणे या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

आपला विश्वासू,
योजना लिपिक


घरून,
२४ मार्च

ताई,

मागचं पत्र मीच लिहिलं होतं. त्याच्या आधीचंही मीच. हे मात्र घरी बसून हाताने लिहितोय. अक्षर लागत नसेल तर माफ करा, बरीच वर्षं सही-शेऱ्यापलीकडे काही लिहिलेलं नाही.

तुमचं वीस तारखेचं पत्र मी आमच्या कक्षप्रमुखांना दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "याला उत्तर देऊ नका. दिलंत तर कंपनी गोत्यात येईल आणि कंपनीच्या आधी तुम्ही." मग मी ते चार ओळींचं पत्र टाईप केलं. त्याला चार आठवडे होत आले. या चार आठवड्यांत तुमच्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून हललेला नाही. मला मुलगी नाही, मूलच नाही. तरी हलत नाही.

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून होतं.

तुमच्या यजमानांनी दोन अर्ज दिले होते. तुम्हाला कळवला तो दुसरा. पहिला वीस सप्टेंबरचा. त्यात 'विशेष विनंती' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : 'गिअरची गाडी नको. ऑटोमॅटिक मिळावी. डाव्या पायात जोर राहिलेला नाही, क्लच दाबून धरता येत नाही.'

आमच्याकडे प्रत्येक श्रेणीची गाड्यांची यादी ठरलेली असते. तिसऱ्या श्रेणीच्या यादीत ऑटोमॅटिक गाडी नाही, ती चौथ्या श्रेणीपासून आहे आणि महिनाभरात मिळते. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "काही मार्ग?" मी म्हणालो, मार्ग आहे. कंपनीच्या डॉक्टरांचा दाखला आणा, मग खास बाब म्हणून वर पाठवतो. त्यावर त्यांनी विचारलं, "त्या दाखल्याच्या प्रती कुठे कुठे जातात?" मी यादी वाचून दाखवली. एक आमच्याकडे, एक कार्मिक विभागाकडे, एक सुरक्षा विभागाकडे.

सुरक्षा विभागाचं नाव निघालं आणि ते आपल्या अर्जाकडे बघू लागले. मला तेव्हा लक्षात आलं नाही असं म्हणत नाही. आलं होतं. पायात जोर नसलेल्या माणसाला कंपनी लिफ्टच्या खड्ड्यात उतरू देणार नाही. त्यांना कुठल्यातरी गोदामात यादी लिहायला बसवलं असतं, किंवा घरी पाठवलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "लिफ्टवाल्यावर जिना चढायची पाळी आली म्हणायची." मीही हसलो.

मग म्हणाले, "राहू द्या. तो कागद परत द्या."

मी दिला नाही. एकदा आवक नोंदवहीत चढलेला कागद परत देत नाहीत, असा नियम आहे. मी त्यावर लाल शाईने 'यादीबाहेर. अमान्य' असं लिहिलं आणि फाईलला लावला. तीन आठवड्यांनी ते दुसरा अर्ज घेऊन आले. साधी गाडी, साधे गिअर, विशेष विनंतीचा रकाना कोरा. मी तपासून घेतला. खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. एक भानगड कमी झाली.

डिसेंबरमध्ये बातमी आली. थांबलेली गाडी एकदम पुढे गेली असं कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगत होतं. मी डबा बंद केला. मी स्वतः वीस वर्षं त्यांच्यासारखीच गिअरची गाडी चालवतोय. क्लचवरून पाय सुटला की गाडी काय करते हे मला कुणी सांगायला नको.

ताई, ते मुद्दाम गेले नाहीत. त्यांचा पाय सुटला. त्या आधी सकाळी तुम्ही काय बोललात याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि त्यांना तुमच्यापासून पाय लपवायचा होता म्हणून ते 'बघतो, बघतो' म्हणत राहिले. गाडी सांगितली असती तर पायही सांगावा लागला असता.

संबंध असलाच तर माझ्या लाल शाईचा आहे.

पहिला अर्ज सोबत पाठवतोय. मूळ कागद आहे, प्रत नाही. आज संध्याकाळी फाईलमधून काढून आणला. मुलीला दाखवा. पोलिसांना दाखवायचा असेल तर त्यांनाही. माझं नाव घ्यावं लागलं तर घ्या.

तुमच्या उत्तराची मी वाट बघणार नाही. तसा हक्क मला नाही.

योजना लिपिक


६ एप्रिल

भाऊ,

साहेब लिहिणार होते. पण साहेब मला ती दोन पत्रं लिहिणारा वाटतो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते बाथरूमचं दार लावून वाचलं. आधी राग आला तो तुमच्यावर नाही, यांच्यावर. सोळा वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलो, आणि पाय गेल्याचं त्यांनी सांगितलं कुणाला, तर टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मी म्हणाले असते, मरू दे ती नोकरी. हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नसेल.

मग मी उठले आणि त्यांचं कपाट उपसलं. हिवाळी कपड्यांच्या खाली डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, जुलैची. मी त्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, कंबरेतली नस दबली होती, पाऊल उचलता येत नव्हतं, गळायचं. ऑपरेशन सांगितलं होतं. यांनी त्यांना विचारलं होतं, दोन महिने घरी बसावं लागेल का. लागेल म्हटल्यावर 'बघतो' म्हणून उठून आले. तिथेही 'बघतो'च.

त्यानंतर जिथे आमची मोडलेली गाडी टाकून ठेवली आहे त्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकला तुम्ही लिहिलेलं सगळं सांगितलं. तो चेपलेल्या दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "बाई, गिअर अजून पहिल्यातच आहे. दिवा सुटायच्या बेतात असेल, उजवा पाय त्यांनी ॲक्सिलरेटरवर आणला असेल, आणि डावा सटकला. झेप घेणारच गाडी. ब्रेकवर पाय जाईपर्यंत संपलं." मग म्हणाला, "ज्याला मरायचंय तो पहिल्या गिअरमध्ये जात नाही."

मी तिथेच एका टायरवर बसले. त्याने पाणी आणून दिलं.

घरी येऊन मुलीला समोर बसवलं आणि अर्ज वाचायला दिला. तिने बाबांचं अक्षर ओळखलं. 'जोर' लिहिताना ते मात्रेची शेपटी लांब ओढतात, तिथे बोट ठेवून बसली. म्हणाली, "म्हणजे बाबा आपल्याकडे परत येणार होते." मी हो म्हणाले. त्यानंतर ती जी रडली, ते साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. इतके दिवस ती रडलीच नव्हती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुम्हाला काय लिहू? तुमचा दोष नाही असं लिहायला हात उठत नाही. तुमचाच आहे असंही लिहवत नाही. तुम्ही नियमाने वागलात आणि त्या नियमाने माझं माणूस गेलं. आणि मी घरात होते, रोज त्यांचे शर्ट हुंगत होते, पाय मात्र एकदाही हातात घेऊन बघितला नाही. हे दोन्ही खरं आहे. ते तागडीत घालून बसायचं त्राण माझ्यात नाही. तुम्ही तो कागद आणून दिलात, हेही खरं. परवा रात्री मला झोप लागली. एवढं मात्र तुम्हाला कळावं असं वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. सासूबाईंना वाचता येत नाही. चार दिवसांपूर्वी मी त्यांच्या खोलीत गेले, दाराशी उभी राहिले आणि तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. सगळं, लाल शाईसकट. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वाचून झालं तरी हलल्या नाहीत. मी वळले तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग उठून बसल्या, अर्ज हातात मागितला, मुलाची सही कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर हात फिरवला.

मग माझ्याशी बोलल्या. मला वाटलं होतं, मला काहीतरी म्हणतील. चांगलं नाही तर वाईट. पण त्या म्हणाल्या, "त्या माणसाला पत्र लिही. विचार, की पाय असा झालेला माझा मुलगा तुझ्याकडे आला, तेव्हा त्याला बसायला सांगितलं होतंस, की तो उभा होता?"

मी म्हणाले, आता हे विचारून काय करायचंय? तर म्हणाल्या, "मला कळायला हवं."

म्हणून विचारते. तुम्हाला टोचावं म्हणून नाही. त्या रोज सकाळी विचारतात, पत्र लिहिलंस का. दुसरं अजून काही बोलत नाहीत. पण काल माझ्या हातून पाणी घेतलं.

मास्तरांची पत्नी


घरून,
११ एप्रिल

ताई,

आईंना वाट बघायला लागू नये म्हणून लगेच लिहितोय.

पोलिसांकडे जाऊन मी माझा जबाब दिला आहे. ते 'स्वतःहून' हा शब्द बदलतील असं म्हणाले. किती दिवसांत ते सांगितलं नाही. कक्षप्रमुखांनी मूळ कागद कुठे गेला म्हणून लेखी खुलासा मागितला होता, तोही दिला. पुढे माझं काय करायचं ते त्यांचं ठरेल. तिसऱ्या श्रेणीच्या यादीत एक ऑटोमॅटिक गाडी घालावी असा प्रस्ताव मी वर पाठवला होता, तो परत आला. पुढच्या वर्षी विचार करू असा शेरा आहे. मास्तरांसाठी आलेली राखाडी गाडी सोमवारी हिशेब विभागातल्या एका माणसाला दिली. त्याने रंगाबद्दल कुरकुर केली.

आता आईंच्या प्रश्नाचं. तुम्ही हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवा, माझ्यासाठी काही गाळू नका.

वीस सप्टेंबरला ते दुपारी साडेतीनला आले. मी फोनवर होतो. हाताने 'थांबा' म्हणालो. फोन दहा मिनिटं तरी चालला असेल. त्यानंतर माझा चहा आला, तो मी प्यायलो. नंतर अर्ज घेतला, यादी काढली, दाखल्याचं बोलणं झालं. एकूण पाऊण तास. तेवढा वेळ त्यांनी डावा हात माझ्या टेबलावर टेकवून ठेवला होता. मला ते आवडलं नव्हतं, कारण हाताखाली माझे कागद होते. मी ते कागद ओढून बाजूला घेतले.

टेबलासमोर एक खुर्ची होती. नव्या गाड्यांची माहितीपत्रकं आली होती, त्यांचा गठ्ठा तिच्यावर ठेवला होता. गठ्ठा काही फार मोठा नव्हता.

ते उभे होते, आई.

योजना लिपिक